बाइनाच्या उजव्या कानावरची गाठ

परमेश्वर साक्षी आहे, म्हणून माणसांच्या आधी त्याचं नाव घेते. मी, अर्लीन कॅपर्स, दिवंगत वेन्डेल कॅपर्स यांची पत्नी, वय त्र्याहत्तर, राहणार सेंट हेलेना बेट, साउथ कॅरोलायना, हे मृत्युपत्र माझ्या अकलेने आणि माझ्याच हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. धाक कोणी घातलेला नाही. मुलीने आग्रह पुष्कळ केला, पण तो वेगळंच काही लिहिण्याचा होता. ते पाचव्या कलमात येईल. याआधीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं.

कलम १. घर आणि खाडीपर्यंतची जमीन माझी मुलगी लॅट्रिस हिला. वेन्डेलच्या आजोबांनी ती कापसात पाठ मोडून घेतली आहे. तुकडे पाडून बाहेरच्याला विकायची नाही. हॉटेलवाले गोड बोलत येतील. त्यांना चहा द्यावा, सही देऊ नये.

कलम २. शिल्लक पैशातून आधी माझं दफन. पेटी साधी असावी, पितळी कड्यांची गरज नाही. राहील त्याचा दशांश आमच्या न्यू कनान चर्चला, बाकी लॅट्रिसला.

कलम ३. लोखंडी तवा लॅट्रिसला, पण त्याला साबण लावला तर तो तिचा राहणार नाही.

कलम ४. धंद्याचं सामान. चित्र कापायची मशीन, कापडावर चित्र दाबायची गरम मशीन, कोऱ्या पिशव्या, कप आणि टी-शर्टांचे गठ्ठे हे सगळं लॅट्रिसचं. वेन्डेल गेल्यावर घरी बसून काय करायचं म्हणून मी हे सुरू केलं. शिक्षण शाळेपुरतं, चित्रकला शून्य. सुरुवातीला तयार चित्रं विकत घ्यायची: वळलेली मूठ, आफ्रिकेचा नकाशा, मोठ्या केसांची मुलगी. फेब्रुवारीत आपल्या काळ्या लोकांच्या इतिहासाचा महिना असतो आणि जूनमध्ये गुलामगिरीतून मुक्तीचा दिवस, तेव्हा हात रिकामा नसायचा. उन्हाळ्यात कुटुंबांचे मेळावे, सगळ्या खानदानाला एकसारखे टी-शर्ट. ती सर्व चित्रं लॅट्रिसने खुशाल वापरावीत.

एक चित्र सोडून.

कलम ५. ते चित्र आम्ही 'राणी' म्हणत होतो. जुन्या प्रार्थनाघराचं छप्पर बदलताना निघालेल्या खोक्यात एका बाईचा फोटो होता. डोक्याला फडकं, कानावर गाठ, नजर अशी की आपण पाठ ताठ करावी. मागे नाव नव्हतं. मी विचारलं, कोणाला ओळख पटली नाही. मग त्यावरून मी स्वतः चित्र केलं, माझ्या हातचं पहिलं. पिशव्यांवर घातलं, ते बेटावर फिरायला येणाऱ्यांनी हातोहात नेलं.

माझी नणंद व्हर्डेल बाजारात मांडलेल्या माझ्या टेबलापाशी येऊन चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाली, "काय गं वहिनी, राणी कुठल्या राज्याची? मला तर पिठाच्या पाकिटावरची बाई वाटते."

आमच्याकडे पिठाच्या पाकिटांवर डोक्याला फडकं बांधलेली, बिननावाची हसरी काळी मोलकरीण छापायचे, तिच्यावरून हा टोमणा. हे मी चार वर्षं विसरले नाही. कलम ६ पाहावे.

त्या उन्हाळ्यात चर्चच्या माघारी येण्याच्या रविवारसाठी, म्हणजे बेट सोडून गेलेली माणसं परततात त्या दिवसासाठी, मी राणीचे दोनशे हातपंखे केले. कागद पातळ घेतला, स्वस्त पडतो म्हणून. मागची बाजू कोरी ठेवली, तेही त्याचसाठी. आणि एक चूक केली. कापडावर दाबायचं चित्र आधी आरशातल्यासारखं उलटं कापावं लागतं, दाबलं की सुलट होतं. कागदावर मात्र सुलटच छापायचं. मी कापडासाठी उलटं केलेलंच चित्र पंख्यांवर छापलं. चेहराच तो, डावं उजवीकडे गेलं तर कोणाला कळणार? मलाही कळलं नाही.

पहिल्या बाकावर मिस अल्थिया फ्रिप होत्या. वय चौऱ्याण्णव, नात केया हिने परगावाहून गाडीतून आणलेल्या. भजन चालू होतं, सगळीकडे पंखे हलत होते. त्यांचा थांबला. मग त्यांनी भजनाच्या मध्येच विचारलं, "माझ्या आईला उलटं कोणी बसवलं?"

केया दबक्या आवाजात म्हणाली, "आजी, चर्च आहे. हळू."

"चर्चच आहे ना? मग खरं बोलू दे. आईच्या उजव्या कानाला ऐकू येत नव्हतं, म्हणून गाठ त्याच्यावर. डावा कान मोकळा ठेवायची, देवाचं आणि माझं ऐकायला. तुम्ही तिचा ऐकता कान बांधलात!"

मी उठले. म्हटलं, "मिस अल्थिया, पंखे मी केलेत. या कोण, मला ठाऊक नव्हतं."

"बाइना. बाइना फ्रिप. मी नऊ वर्षांची होते तेव्हा गेली. घरात फोटो नव्हता गं पोरी. पंच्याऐंशी वर्षांत मी हा चेहरा पाहिला नाही."

मग त्यांनी पंखा फिरवला, कोरी बाजू स्वतःकडे केली आणि खिडकीच्या उजेडावर धरला. पातळ कागदातून ऊन आलं, आणि उन्हातून बाइना आली. गाठ उजव्या कानावर. सुलट.

"हां," मिस अल्थिया म्हणाल्या. "आता ऐकू येतंय तिला."

कोणी सांगितलं नाही, पण एकेकाने पंखा उलटा करून उजेडाकडे धरला. दोनशे पंखे. एकही हलत नव्हता, आणि त्या उकाड्यात मला गारवा वाटला. मी जन्मभर पुनरुत्थानावर विश्वास ठेवत आले. पाहिलं त्या दिवशी. माझी चूक, माझी काटकसर, यांतूनही देव वाट काढतो, याच्यापुढे माझी मान आजही वर होत नाही.

घरी येऊन मी बसून राहिले. कळलं ते एवढंच: चेहऱ्याखाली नाव असतं तर अक्षरं उलटी दिसली असती आणि चूक छापता क्षणी कळली असती. नाव नसलेल्या माणसाला कसंही फिरवता येतं.

पुढे एका मोठ्या कंपनीने राणीचं चित्र कायमचं विकत मागितलं. मी म्हटलं, खाली नाव छापा. ते म्हणाले, राणी सगळ्यांना चालते, बाइना कोणाला माहीत? त्यांचा करार बिनसहीचा माझ्या खणात आहे. लॅट्रिस वाट पाहते आहे, हे मला ठाऊक आहे.

ती म्हणाली, "आई, चेहरा तू बनवलास!"

मी म्हटलं, "चेहरा देवाने बनवला. मी कडेकडेने कापला."

मिस अल्थिया मागच्या हिवाळ्यात गेल्या. जाण्याआधी मला म्हणाल्या होत्या, "वीक हवं तर. पण तिला नाव सांगून पाठव."

म्हणून: तो फोटो, ते चित्र आणि त्यावरचा सर्व हक्क मी बाइनाची पणती केया फ्रिप हिला देते. नावाशिवाय ते कुठेही छापू नये. लॅट्रिस, हे तुझ्यावर रागावून नाही. तुझं सगळं तुला दिलं. हे माझं नव्हतंच.

कलम ६. नणंद व्हर्डेल हिला काही ठेवलेलं नाही. तिचं बोलणं झोंबलं ते खरं होतं म्हणून. नाव पुसलं की आपली कुठलीही बाई पाकिटावरची होते. हे तिला माझ्या हयातीत सांगवलं नाही, म्हणून इथे लिहिते. आणि ज्याला काही मिळत नाही तोच साक्षीदार होऊ शकतो, म्हणून सहीचा मान तिचा.

कलम ७. माझ्या अंत्यविधीला पंखे हवेत, पण माझ्या चेहऱ्याचे नकोत. बाइनाचे करावेत. कागद पातळ, मागची बाजू कोरी. छापण्याआधी केयाने खालचं नाव मोठ्याने वाचावं. नाव वाचता आलं, म्हणजे आई सुलट बसली. मग छापावं.

स्थळ: सेंट हेलेना बेट. गुरुवार, १४ सप्टेंबर २०२३.

सही: अर्लीन कॅपर्स

साक्षीदार:
१. डीकन अमोस चिझम (चर्चचे सेवक)
२. व्हर्डेल कॅपर्स (वहिनीसमोर, पूर्ण वाचून, सही केली. मी त्या दिवशी शेवटच्या बाकावर होते. पंखा मीही उजेडावर धरला होता.)