गुडघ्यावर फाटकी

५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. फक्त तुझा भाचा गेले सहा दिवस माझ्याशी बोलत नाही. नवी कोरी पँट दुकानात आणून म्हणाला, दोन्ही गुडघ्यांवर फाडून द्या. मी म्हटलं, या मशीनवर दोन पिढ्या फाटलेलं शिवत आल्या, चांगलं फाडायचं पाप मी करणार नाही. तिथेच थांबायला हवं होतं. पण गिऱ्हाइकांसमोर त्याला भिकेचे डोहाळे लागलेत, असंही बोलून गेलो.

आता मान खाली घालून जेवतो आणि उठतो. काही हवं असलं तर आईला सांगतो, ती मला सांगते. महिनाअखेरीस शिकायला परगावी जाईल. असाच अबोला धरून गेला तर, हा विचार देवापुढे हात जोडल्यावरही जात नाही. तू त्याला समजाव.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा भाऊ

११ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

त्याला कशाला, तुलाच समजावते. सोबत माझ्या लग्नातला फोटो आहे. कडेला जो पिस्ता रंगाचा तंबू उभा आहे, तो तू. सतरा वर्षांचा. कमरेला दहा चुण्या आणि खाली पायाची मोहरी इतकी अरुंद, की पावलाला प्लास्टिकची पिशवी बांधल्याशिवाय पाय आत जायचा नाही. वारा सुटला की दारातच फुगायचास.

ती बॅगी पँट शिवली कुणी? बाबांनी. आधी वर्तमानपत्रावर तीनदा बेतून पाहिली. मी म्हटलं, हे ध्यान शिवायचंच कशाला? तर म्हणाले, "दोन वर्षांनी त्याला या पँटची लाज वाटणारच आहे. माझ्या शिवणीची वाटायला नको."

तू कधी विचारलं नाहीस, म्हणून मी सांगितलं नाही.

रागवायचं तर माझ्यावर रागव, पण पत्र पाठव.
ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. दुपारी दुकान बंद करून कात्री घेतली. त्याच्या पँटचे गुडघे कापले, पण ते उघडे धागे बघवेनात. म्हणून कडा दुमडून बारीक टीप मारली, आतून मऊ अस्तर लावलं आणि घडी करून त्याच्या टेबलावर ठेवली.

संध्याकाळी तो पँट घेऊन दुकानात आला. उलटसुलट करून दाखवत म्हणाला, "बाबा, तुम्ही खिशाची तोंडं केलीत. फाटलेलं असं असतं का?"

मग स्टुलावर बसला आणि कुठली टीप उसवायची ते सांगू लागला. तो सांगत गेला, मी उसवत गेलो. धागे कसे लोंबायला हवेत, हे मला कळायला बराच वेळ लागला. मीही फार घाई केली नाही. अस्तर मात्र राहू द्या म्हणाला.

फोटो मशीनच्या वर लावलाय. तो पाहून पोट धरून हसला. मग त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं, की ती पँट अजून आत्याकडे आहे का, हल्ली तसल्याच चालतात.

ताई, असली तरी सापडत नाही म्हणून कळव. एवढा लोभ कर.
तुझा भाऊ