एकाच टेकमध्ये

३ मार्च, सोमवार

पोचलो एकदाचा स्टुडिओत. फाटकावरच्या रखवालदाराने यादीत माझं नाव शोधलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, आधीचे जरा उंच होते. सुरुवात तर झकास झाली. तीस वर्षं चाललेल्या मालिकेतला मी पाचवा वाटाड्या. अंतराळात भरकटलेल्या जहाजांना वाट दाखवणारा, लांब करड्या कोटातला वाटाड्या. त्याचं शरीर झिजलं की नवं शरीर येतं, जुन्याला आपल्या हाताने भोसकतं आणि तोच कोट अंगावर चढवतं. इथे त्या दृश्याला खांदेपालट म्हणतात. लहानपणी ते लागलं की ताई माझ्या डोळ्यांवर हात ठेवून सांगायची, रंग असतो रे तो, वेड्या. मी तिच्या बोटांच्या फटीतून सगळं पाहिलंय.

ही वहीही ताईनेच दिली. रोज लिहीत जा, म्हणाली, नाहीतर फोनवर माझं डोकं खाशील. नवा वाटाड्या कोण हे पडद्यावर येईपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, अशी इथली पद्धत. मी फक्त ताईला सांगितलंय. भावोजींच्या पोटात काही राहत नाही, म्हणून त्यांना नाही.

शेवटच्या चाचणीत माझ्यासोबत होता तो चष्मेवालाही इथेच आहे, राखीव म्हणून. माझ्याच मजल्यावर खोली दिलीय. भेटताच त्याने मला मिठी मारली. त्याच्या जागी मी असतो तर महिनाभर तोंड पाडून बसलो असतो.

५ मार्च, बुधवार

सकाळी चेहऱ्याचा साचा घेतला. नाकात दोन नळ्या, वर ओलं प्लॅस्टर आणि अर्धा तास गप्प पडून राहायचं. हे शेवटचं मला शाळेतही कधी जमलं नव्हतं. मेकअपच्या मावशी म्हणाल्या, सगळ्यांचाच घेतो. फळीवर आधीच्या चौघांचे रबरी चेहरे ठेवलेत, पापण्यांचा एकेक केस खोचलेला.

मग शिंपीकाकांकडे. कोट तोच आहे, पहिल्यापासूनचा. डाव्या बरगडीखाली रफू दिसलं, चाचपून पाहिलं तर पाच ठिकाणी. मी पाचवा, माझी अजून व्हायचीय, म्हणजे खांदेपालट आजवर तीनदाच झाली असणार. मग पाच भोकं कशी, असं मी गमतीने विचारलं. काकांनी दाताने दोरा तोडला आणि म्हणाले, सगळंच काही दाखवत नाहीत.

७ मार्च, शुक्रवार

मारामारीची तालीम. यंत्रसैनिकाचं काम करणाऱ्याला मी ठोसा मारायचा होता. नाटकात करतो तसा हवेत मारला. दिग्दर्शिका बाईंनी थांबवलं. इथे सगळं खरं लागतं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. कॅमेऱ्याला खोटं कळतं म्हणे. तो सैनिकही म्हणाला, मारा हो, सवय आहे. चौथ्या ठोशाला त्याचे पुढचे दोन दात पडले. त्याने ते तळहातावर थुंकले, पाहिले, खिशात टाकले आणि पुन्हा उभा राहिला.

खरं लिहायचं ठरवलंय तर लिहितो. पाचवा ठोसा मी कुणी न सांगता मारला. मला मजा आली. खोलीत येऊन हात तीनदा धुतले, आणि आता स्वतःचीच लाज वाटतेय.

१० मार्च, सोमवार

चौथा वाटाड्या भेटायला आला. नऊ वर्षं ज्याला घराघरात पाहिलं तो माणूस समोर. त्याने माझा उजवा हात हातात घेतला, मनगट दाबून पाहिलं. एकच सांगितलं. उद्या खांदेपालट एकाच टेकमध्ये कर. काहीही झालं तरी थांबू नकोस. सुरा ओढायचा, हसायचं, कोट घालायचा, वाक्य म्हणायचं. मी विचारलं, वाईट वाटतंय का सोडताना. तर म्हणाला, तिसऱ्याच्या खांदेपालटीनंतर मला एकही रात्र झोप लागलेली नाही, आता लागेल. मोठी माणसं असंच काहीबाही बोलतात.

सुरा पाहिला. पातं मुठीत सरकतं. तळहातावर दाबून पाहिलं, काही होत नाही.

११ मार्च, मंगळवार

आज सेटवर दिलेला सुरा जड होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तो कोट घालून समोर उभा होता. मी भोसकलं. पातं सरकलं नाही, आत गेलं. हाडाला घासल्याचं मला मुठीत जाणवलं. मनगटावर गरम काहीतरी ओघळलं आणि मला वाटलं, रंगाची नळी फुटली. त्याने माझा हात धरून आणखी आत ओढला आणि हळूच म्हणाला, हस. मी ओरडलो. सुरा ओढून फेकून दिला. आणि मग माझ्या तोंडून निघालं, नाटकाच्या तालमींतल्या बारा वर्षांच्या सवयीने— माफ करा, चुकलं माझं, परत घेऊ या.

तेव्हा तो खाली पडला. त्याच्या टाचा फरशीवर आपटत होत्या. बराच वेळ. कुणी धावलं नाही. बाई एवढंच म्हणाल्या की ठीक आहे, परत घेऊ. शिंपीकाकांनी त्याच्या अंगातून कोट सोडवून घेतला.

परत कुणाला घेणार? तो तर मेलाय.

१२ मार्च, बुधवार

पळालो. फाटकापर्यंतच. रखवालदाराने गुडघ्यामागे गज मारला. मी फाटक सोडेना, तर त्यांनी ते माझ्या बोटांवरच लोटलं. तीन मोडली. डाव्या हाताने लिहितोय. मला धरून ठेवणारा तोच, दात पडलेला. सॉरी म्हणत होता. फोन काढून घेतला. चेहऱ्याला कुणी हात लावला नाही.

१३ मार्च, गुरुवार

शिंपीकाका कोट घेऊन आले. सहा रफू.

तीन दाखवलेली. एक परवाचं. उरलेली दोन माझ्यासारख्यांची— ज्यांनी टेक बिघडवला. टेक बिघडला की जुना वाटाड्या पुन्हा लागतो, आणि मारायला उरतो तो फक्त बिघडवणारा.

मावशींनी चौथ्याचा रबरी चेहरा मला लावून पाहिला. अगदी बसला. त्याचे ओठ माझ्या ओठांवर चिकटवले की बोलता येत नाही. मावशी रडत होत्या. हात मात्र थांबत नव्हते.

१४ मार्च, शुक्रवार

थोडा वेळ दिलाय. अर्धा तास असेल.

चष्मेवाला आला होता. खूश. सगळं सांगितलं त्याला. मोडलेली बोटं दाखवली. म्हणाला, काय जबरदस्त मेकअप आहे. सुरा स्वतः दाबून पाहिलाय म्हणाला—

पुन्हा सांगितलं. हसला. मग विचारलं, काही सूचना आहे का.

मी धडपडलो तर टेक बिघडेल. मग तोही जाईल. म्हणून त्याचं मनगट धरून सांगितलं, एकाच टेकमध्ये कर. काहीही झालं तरी. मी हलणार नाही.

भीती वाटतेय. खूप भीती वाटतेय, ताई.

तुला वाटेल मला काढून टाकलं, आणि लाजेने घरी आलो नाही. शोधू नकोस— नाही, शोध. नाव तर कुठेच—

मावशी आल्या. डिंकाचा वास.

पडद्यावर चौथा मरताना दिसेल ना, तो मी. भाची शेजारी बसलेली असेल. तू तिच्या डोळ्यांवर हात ठेवशील आणि सांगशील, रंग असतो गं तो, वेडे, खरं काही न—