टाकीतली तिघं

प्रिय गारोबा,

या नावाने आता तुला कुणी हाक मारत नसेल. 'प्रिय'च्या पुढे तुझं खरं नाव लिहून पाहिलं, तर ते बँकेचं पत्र वाटायला लागलं, म्हणून खोडलं. मी बरी आहे. केस कापायचं दुकान जोरात चाललंय. माझे स्वतःचे केसही दाट आलेत, पण कुरळे, आणि गिऱ्हाइकं विचारतात कुठे करून घेतले. तू बसवलेला एसी अजून चालतो, फक्त मधूनमधून खोकतो.

परवा फोनवर मी धड बोलले नाही. आपले गोठवून ठेवलेले गर्भ मला वापरू द्यायला दवाखान्याने तुझी संमती विचारली आणि तू नाही म्हणालास. तुझी लेक आत्ता कुठे शाळेत जायला लागलीय, तिचं भावंड दुसऱ्या घरात वाढतंय हे मनात ठेवून तिच्याशी खेळता येणार नाही, म्हणालास. मी 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला. मग दुकानाचं शटर ओढून घेतलं आणि आरशांकडे पाठ करून पोटभर रडले. रागाने तुला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, कागद जळेल.

माझा आजार कळला तेव्हा आपल्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. केमो सुरू व्हायच्या आधी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या औषधांनी पुढे मूल होणं अवघड होईल, हवं असेल तर आत्ताच काहीतरी राखून ठेवा. नुसती बायकोची बीजं गोठवता येतात, किंवा दोघांचे मिळून गर्भ. मी सुयांच्या भीतीने अर्धमेली, आणि तू बसलास ते गर्भ गोठवून ठेवतात त्या टाकीची चौकशी करत! शीतगृहं दुरुस्त करणारा माणूस तू. वीज गेली तर? झाकण सैल झालं तर? नायट्रोजन कोण भरतं, सुटीच्या दिवशी कोण बघतं? टाकी विजेवर चालतच नाही, निवांत झोपा, असं बाई सांगत राहिल्या. तरी तू होणाऱ्या जावयाची पारख करावी तसा त्या टाकीभोवती फिरून आलास.

मग त्यांनी मला हळूच विचारलं, निम्मी बीजं नुसती तुमची म्हणून वेगळी ठेवू का, पुढचं कुणी पाहिलंय. तू बुटांकडे बघायला लागलास. तुझं ते बघणं मला सहन झालं नाही. सगळी दोघांचीच करा, म्हटलं मी, आणि तुझा चेहरा असा खुलला की घडीभर आजारही विसरले. टाकी बिघडली तर काय, हे तू सतरा वेळा विचारलंस. आपलंच बिघडलं तर काय, हे दोघांपैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आजार गेला, पण मला जपता जपता तू नवऱ्याचा नर्स झालास आणि मी कायमची चिडकी पेशंट, आणि शेवटी आपण वेगळे झालो. आता माझ्यात एकही बीज उरलेलं नाही, त्या तीन गर्भांत गेलं तेवढंच. निम्मी माझी मला ठेवली असती तर आज तुझ्या होकाराची वाट बघत बसले नसते. फार फार वाईट वाटतं रे. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर कात्री चालवताना मध्येच हात थांबतो.

पण हे पत्र तुझं मन वळवायला नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही कदाचित नाहीच म्हटलं असतं. साठवण बंद करायला दोघांच्या सह्या लागतात, टपालाने पाठवल्या तरी चालतील, असं दवाखान्यातून कळवलंय. टपालाने सही पाठवणं मला जमणार नाही. झाकण उघडतील त्या दिवशी मी स्वतः हजर राहणार, दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही, असं तू तेव्हा बाईंना बजावलं होतंस. तेव्हा ये. बायकोला सांगून ये. इतकी वर्षं ती तिघं तिथे आपल्या दोघांची म्हणून राहिली, त्यांना निरोप देताना तरी आपण शेजारी उभं राहू. तू आलास की मी सही करेन. फक्त या वेळी टाकीची चौकशी करू नकोस. मला हसू येईल, आणि मग रडू आवरणार नाही.

तुझी म्हणवत नाही, म्हणून नुसतीच,
कात्री