सोपान देव नाही

११ नोव्हेंबर, मंगळवार
दिवाळीची सुट्टी संपली, पण पोरांच्या दप्तरांतला चिवड्याचा वास काही जात नाही. आज तिसरीत एक नाव वाढलं. सोपान, वय नऊ. आतापर्यंत घरीच होता. त्याची धाकटी बहीण वैष्णवी आधीपासून माझ्याच वर्गात, हुशार आणि मिरचीसारखी तिखट. मला भाऊ आहे, असं तिने कधी सांगितलं नाही.

परिपाठाची घंटा झाली तसे त्याने कान दाबले आणि मोठ्याने, अगदी गाडीवाल्याच्या सुरात, "भंगाऽऽर! जुना कूलर, फुटकी टाकी!" अख्खी शाळा हसली. मीही हसले, खोटं कशाला लिहू. वैष्णवी खाली बघत चप्पल शोधायचं सोंग करत राहिली.

तालुक्याचे विशेष शिक्षक आले होते. म्हणाले, ऑटिझम. मराठीत स्वमग्नता. शब्द मला पटला नाही. पोरगं स्वतःत कुठे मग्न आहे? ते नळाच्या थेंबात मग्न होतं, अर्धा तास. म्हणून मीही जाऊन बघितलं. थेंब सुटायच्या आधी लांबट होतो आणि जरासा थरथरतो. पंचेचाळीस वर्षांत कधी ध्यानात आलं नव्हतं.

१३ नोव्हें.
मधल्या सुट्टीभर पोरं त्याच्या मागे, "ए भंगार, ए भंगार." त्यांचा म्होरक्या आदित्य.

शाळा सुटल्यावर त्याची आई कांताबाई आली. "मॅडम, वैष्णवी म्हणती, मी त्याला घिऊन येणार न्हाई. सगळे हासून राह्यले. मला तर कापूस वेचायला जावं लागतं. मंग पहिल्यावानी भायरून कडी लावून जाईन, दुसरं काय."
रडली वगैरे नाही.

१४ नोव्हें., बालदिन
वर्गाला समजावून सांगायचं ठरवलं. पण काय? ऑटिझम म्हणून सांगावं तर मलाच धड कळलेलं नाही. शेवटी तोंडात आलं ते बोलून मोकळी झाले, "सोपान देवाचं लेकरू आहे. त्याला त्रास द्यायचा नाही."
मधल्या सुट्टीत चिडवणं बंद! हेडसरांपुढे जरा मिरवलेसुद्धा.

१८ नोव्हें.
मॅडम, भोगा आता.
पोरांनी देव म्हटल्यावर बरोबर देवच केला. खिचडीचा पहिला चमचा सोपानच्या ताटात. क्रिकेटला जाताना त्याला लांबून नमस्कार. आदित्यने तर त्याच्यापुढे दोन चिठ्ठ्या टाकून कौल लावला, गृहपाठ करावा की न करावा. सोपानने एक उचलली. तिसरीत एकाचाही गृहपाठ नाही. विचारलं तर म्हणे, "कौलच तसा आल्ता, मॅडम."
दुपारी एक बाई नारळ घेऊन दारात. नव्या बोअरला पाणी लागेल का, ते त्याला विचारायचं होतं. कसंबसं परत पाठवलं. हसावं की कपाळ बडवावं!

१९ नोव्हें., बुधवार
व्हायचं तेच झालं. आज पाया पडायला झुंबड. सोपान किंचाळला, मग भंगार, कूलर, टाकी, आणि आदित्यच्या मनगटाला कडकडून चावला. पोरं मागे सरली. कोणीतरी म्हणालं, "देव कोपला."
वैष्णवी बाकावरून उडी मारून मधे. "देव बिव काई न्हाई त्यो! माझा भाऊ हाये! माझ्या वह्या फाडतो, माझ्या वाटचा गूळ खातो. पायाला हात लावला का त्याला चटका बसल्यावानी व्हतं. आन् भेला का भंगारवाल्याचं म्हणतो. एवढं बी कळत न्हाई का तुमाला?"
नाही ना कळलं. मलासुद्धा. अशा मुलांसाठीचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण घेतलेली मी, आणि खरी माहितगार रोज तिसऱ्या बाकावर बसलेली. फार लाज वाटली.

संध्याकाळी कांताबाई. "आता चावाया लागला. कडीच बरी." हातापाया पडून आठ दिवस मागून घेतले.

२० नोव्हें.
वर्गापुढे म्हटलं, मी चुकले. पोरांना हे इतकं नवलाचं वाटलं की पुन्हा म्हणायला लावलं.
मग सोपान नळापाशी असताना सगळ्यांना चिठ्ठ्या दिल्या. त्याच्याबद्दल मनात येईल ते विचारा, नाव घालू नका.
"त्याचं उष्टं खाल्लं तर आपल्याला होतं का?" नाही, हा संसर्ग नाही. जन्मापासून तो असाच आहे.
"तो आमच्याकडं बघत का नाही?" वैष्णवी : "बघतो. तिरपा बघतो. तुमीच बघत न्हाई."
"घंटा त्याला दुखती का?" वैष्णवी : "दुखती. आधी सांगितलं तर कमी दुखती." मनगटाला पट्टी बांधलेला आदित्य लगेच उठला, "मी सांगन. पण लांबून."

एक चिठ्ठी मात्र वाचली नाही. अक्षर ओळखलं.
"मी मोठी झाल्यावर त्याला मलाच संभाळावं लागन का"
प्रश्नचिन्हसुद्धा नाही. पर्समध्ये ठेवली आहे. घरी येऊन दोनदा काढून बघितली.

२४ नोव्हें.
आदित्य घंटेआधी चार हातांवरून ओरडतो, "सोपान, व्हणार हाये!" सोपान कान दाबतो. दोन दिवस गप्प राहिला, आज ओरडला. का? कोणालाच सांगता येईना, वैष्णवीलाही नाही. पोरं आता आपसात अंदाज लावतात. चिडवण्यापेक्षा हे त्यांना जास्त गमतीचं वाटतं आहे.
वैष्णवी त्याला आणते. पण फाटकापासून पुढे दहा पावलं लांबच चालते.

२६ नोव्हें.
शेतात गेले. कांताबाई कमरेला झोळी बांधून कापूस वेचत होती. चिठ्ठी वाचून दाखवली. तिचा हात थांबला.
"हे आमच्या वैष्णवीनं लिवलं?"
झोळीतला कापूस दाबत म्हणाली, "मी तर धरूनच चालले व्हते, मॅडम. तिला इचारावं, हे ध्यानातच न्हाई आलं."
वैष्णवीला मी काय सांगू, विचारलं. "तुमी नका सांगू. म्या सांगते."

२८ नोव्हें., शुक्रवार
आठ दिवस काल संपले. सकाळी वैष्णवी आली, मैत्रिणींबरोबर पळत, एकटीच. कडी लावली! हजेरी तशीच टाकून रस्त्यावर गेले. पाव तासाने कांताबाई दिसली, पदर सोपानच्या मुठीत. "आज अर्ध्या दिवसाचा खाडा केला," म्हणाली. "उद्याचं उद्या बघू."

सुट्टीत वैष्णवीला हळूच विचारलं, आई काय म्हणाली?
"म्हणली, मला बी माहीत न्हाई." मग माझ्याकडे डोळे बारीक करून, "मॅडम, आईला बी माहीत नसतं?"
"नसतं."
"आन् तुमाला?"
"मलाही नाही गं."
"मंग बरंय," म्हणाली आणि लंगडी खेळायला पळाली. मागे वळून बघितलंही नाही. मला रडू आलं, आणि बरंही वाटलं.

उद्या शनिवार, सकाळची शाळा. सोपानला कोण आणणार, ठरलेलं नाही.