दोन माइकचा डबा

काका, माझ्या हाताने काय काय झालं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कोण बोलतोय ते तुमच्या लक्षात राहील. साबणाच्या लाकडी खोक्यात बसवलेला दोन बँडचा रेडिओ. आमच्या वस्तीच्या जयंतीच्या मिरवणुकीचा ॲम्प्लिफायर. भर उन्हात चालला, पण त्याचा आवाज कधी फाटला नाही. बदलापूरच्या एका शाळेची घंटा, शिपाई रजेवर असला तरी आपली आपण वाजणारी. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे टीव्हीचे अँटेने. मांजर्लीच्या गच्च्यांवर त्यातले काही अजून उभे आहेत, कावळे बसून बसून वाकलेले. सायकलच्या पेडलवर चालणारं वाइंडिंगचं यंत्र. आणि दोन माइकचा तो डबा, एकाच मापाचे दोन नग. एक तुमच्याकडे गेला, दुसरा माझ्या दुकानाच्या माळ्यावर आहे. नववीत शाळा सुटलेल्या माणसाच्या मानाने हे कमी नाही. यातलं एकही काम कुणी मला समोर बसवून शिकवलेलं नाही. सोल्डर तेवढं तुम्ही शिकवलंत. आणि यातल्या एकाही वस्तूवर माझं नाव नाही. तीही तुमचीच शिकवण. डबा कुणी केला, एवढीच आता आपल्या दोघांमधली गोष्ट उरली आहे, आणि तिचं उत्तर द्यायला तुम्ही नाही.

तुम्ही अंबरनाथच्या कारखान्यात मीटर दुरुस्त करायचात आणि संध्याकाळी घरी, किचनच्या टेबलावर, लोकांचे रेडिओ. टेबलाच्या अर्ध्या भागावर काकूंची परात, अर्ध्यावर तुमची इस्त्री. सोल्डरिंग आयर्नला तुम्ही इस्त्रीच म्हणायचात. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत ती थंड झालीच पाहिजे. शनिवार तुमचा पाळायचा दिवस, घरात कुणी बटणाला हात लावत नसे, म्हणून तुम्ही शुक्रवारीच रेडिओ लावून ठेवायचात आणि मग तो शनिवारभर जे बोलेल ते ऐकत बसायचात: बातम्या, भाताच्या लावणीची माहिती, कुणाचं तरी कीर्तन. त्या दिवशी दुसऱ्याला काम सांगणंही चालत नसे, म्हणून काकू मला सरळ सांगू शकत नसत. मी दारात दिसलो की भिंतीकडे बघून म्हणायच्या, "फार बडबडतोय हो हा आज." मी जाऊन बंद करायचो. तुम्ही हसायचात. "बघ, आमचा देव सांगायला नाही म्हणतो, टोमणा मारायला नाही." मग पोह्यांचा, गुळाचा, खोबऱ्याचा मलिदा मला बशीत मिळायचा. तुमच्या घरी नवस फेडायला तो केला की माझा वाटा काढून ठेवलेला असायचा. हे मी विसरलेलो नाही. विसरता आलं असतं तर हे लिहिणं सोपं गेलं असतं.

त्याच टेबलावर एकदा मी माझं पहिलं पूर्ण काम ठेवलं. आत, चेसिसच्या पत्र्यावर, मी खिळ्याने माझं नाव कोरलं होतं. तुम्ही सेट उघडला, सगळे जोड एकेक करून हलवून बघितले, एकही कच्चा जोड, ड्राय सोल्डर, सापडला नाही. मला वाटलं, आता शाबासकी. तुम्ही कानस घेतलीत आणि माझं नाव घासून काढलंत. काकू म्हणाल्या, "अहो, राहू द्या की, पोराने हौसेने लिहिलंय." तुम्ही म्हणालात, "सेट बोलला पाहिजे, मेकॅनिक नाही. कुणी उघडून बघितलं तर त्याला काम दिसावं, माणूस दिसू नये." पत्र्याचा कीस तुम्ही फुंकर मारून उडवलात, तो परातीतल्या पिठात पडला आणि काकूंनी तुम्हाला शिव्या घातल्या. त्या दिवसानंतर मी कुठेच नाव घातलं नाही. दुकानाच्या पाटीवरही नुसतं 'रेडिओ टीव्ही दुरुस्ती' आहे.

मग उल्हासनगरचं ते मैदान. तिथल्या सिंधी दरबाराची आणि मराठी मंडळाची मैदानावरून मारामारी झाली होती, म्हणून पोलिसांनी दोघांना मिळून एकच कार्यक्रम करायला लावला. एक स्टेज, दोन माइक. सिंधीत जे बोललं जाईल तेच लगेच मराठीत. साउंड आपला. आपण मिक्सर लावतोय न लावतोय तोच दरबाराचे शेठ येऊन वाकले, "मास्टर, इनका थोड़ा कम रखना. कान में घुसता है यार." ते गेले आणि मंडळाचे अध्यक्ष आले. "काका, आपल्या माणसाचा आवाज वाढवा की जरा. तुम्ही मराठी ना?"

"मी ज्यू आहे," तुम्ही म्हणालात.

"म्हणजे?"

"म्हणजे भाडं दोघांकडून घेणार."

अध्यक्ष हसले, पण पुढे व्हायचं ते झालं. तुम्ही पाणी प्यायला उठलात, मी वायर बघायला स्टेजखाली गेलो, तेवढ्यात मंडळाच्या कुणीतरी शेठच्या माइकचा कंट्रोल शून्यावर नेला. शेठ हात वर करून शांतता, भाईचारा असं काहीतरी बोलतायत, ओठ हलतायत आणि आवाज नाही. समोरचे लोक हसायला लागले. दरबाराच्या एकाने चिडून मराठी माइकची पिनच उपटली, मी स्टेजखालून बघत होतो. मग खुर्च्या उडाल्या. परतताना टेम्पोत तुम्ही वायरी गुंडाळत होतात. मग म्हणालात, "दोघांचा गळा एकाच बटणाला बांधला पाहिजे. एकाचा आवळला की दुसऱ्याचाही आवळला जाईल." हे वाक्य तुमचं. ते मी आजही माझं म्हणत नाही. तेवढा हिशेब मला कळतो.

त्यानंतर तुम्ही इस्रायलला गेलात. आधी काकूंचा भाऊ गेलेला, मग तुम्ही. किचनचं टेबल कल्याणला तुमच्या चुलतभावाकडे गेलं. तुमचं पत्र आलं ते तिथल्या लोद गावाहून. एका गल्लीत ज्यू, पुढच्या गल्लीत अरब, आणि एका बेकरीच्या वरच्या खोलीत काही लोकांनी चालवलेलं छोटंसं रेडिओ केंद्र. परवाना नाही. हिब्रू बोलणाऱ्या एक शाळेच्या बाई, अरबी बोलणारे एक औषधवाले. आधी एका भाषेत, मग दुसऱ्या भाषेत, तेच शब्द: कुणाच्या घरी कोण गेलं, कुठला रस्ता बंद आहे, आणि एकमेकांना मारू नका. कुठली भाषा आधी, यावरून भांडण होऊ नये म्हणून त्यांनी दिवस वाटून घेतले होते. तुम्ही तिथे फुकट काम करत होतात. "लेका," तुम्ही लिहिलं होतंत, "हे उल्हासनगरच आहे, फक्त पापड मिळत नाही. बाई चिडल्या की औषधवाल्याचा कंट्रोल खाली करतात, तो चिडला की बाईंचा. माझ्या त्या वाक्याचा डबा करून देशील?"

करून दिला. तो कसा केला हे तुम्हाला माहीत होतं, कारण प्रत्येक पायरी मी तुम्हाला लिहून कळवली होती. तरी पुन्हा सांगतो, कारण आता ते सांगणारा मीच उरलोय. कुठलाही आवाज एका हद्दीखाली जाऊच नये, म्हणून दोन्ही कंट्रोलच्या खाली मी रेझिस्टन्स घातले. बंद करायचं बटण एकच, आणि ते दोघांना एकदम बंद करतं. पण चिडलेला माणूस बटणाकडे जात नाही, तो समोरच्याची पिनच उपटतो. हे मी मैदानावर बघितलं होतं, तुम्ही नाही, तुम्ही तेव्हा पाणी पीत होतात. म्हणून दोन्ही पिनांमधून एकच लाइन फिरवून रिलेला, विजेवर आपोआप उघडमीट करणाऱ्या स्विचला, दिली. कुणाचीही पिन निघाली की रिले टक् करून सुटतो आणि दोघेही मुके. हे तुमच्या वाक्यात नव्हतं. हे माझं आहे. रिले उल्हासनगरच्या भंगारातून आणला, टेलिफोन एक्स्चेंजमधला जुना. दुकानदार म्हणाला, "साईं, ऊपर मेड इन जापान का स्टिकर मार दूँ? फोकट में." मी म्हटलं, नको. "तो क्या लिखोगे?" काहीच नाही. "फिर बिकेगा कैसे?" त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मला ताप आहे. दुसऱ्या माइकमध्ये एक बारीक गुणगुण येत होती. तिने मला रडवलं. शेवटी ट्रान्सफॉर्मर उभ्याचा आडवा केला, तेव्हा गेली. पहिल्या नगात ट्रान्सफॉर्मर बसवायची छिद्रं चुकीच्या जागी पडली, म्हणून तो मी ठेवला आणि साफ झालेला दुसरा तुमच्या नात्यातल्या एका माणसाच्या सामानातून पाठवला.

तुमचं उत्तर आलं, "डबा चालू झाला. दोघं भांडतात, पण दोघं ऐकू येतात." मी ते वाक्य दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगत सुटलो होतो. पुढे तिकडे दगड आणि गोळ्या सुरू झाल्या, तेव्हाचं एक पत्र आहे. औषधवाल्यांच्या भाच्याला लागलं होतं. बाई बातमी सांगताना 'काही जण जखमी' एवढंच म्हणाल्या, आणि औषधवाल्यांनी उठून बाईंची पिन उपटली. टक्. सगळं केंद्र गप्प. ते अरबीत ओरडत होते आणि तेही बाहेर कुणाला ऐकू जात नव्हतं. तुम्ही लिहिलंत की बेकरीवाला वर येऊन काय झालं विचारून गेला, आणि मग औषधवाल्यांनी स्वतःच पिन परत लावली आणि भाच्याचं नाव आधी घेतलं. बाईंनी ते हिब्रूत पुन्हा म्हटलं. काका, त्या दिवशी मला वाटलं होतं की मी कुठल्याही शिकलेल्या माणसाएवढा आहे.

त्यानंतर काकूंचं तीन ओळींचं पत्र आलं, की तुम्ही गेलात. पुढे ते केंद्रही बंद झालं, सामान उचलून नेलं, त्यात डबाही गेला. मग एकदा टीव्हीवर दोन्हीकडचे पुढारी हात मिळवताना दाखवले. दुकानात बसलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "चला, मिटलं एकदाचं." मी म्हटलं, पिना बघा आधी.

या वर्षी तुमची मुलगी आली. मी तिला फ्रॉकमध्ये बघितलेलं, आता तिच्या केसांत पांढरं दिसतं. मराठी अजून आपलंच बोलते, मला दादाच म्हणते. तिने कॅसेट आणली होती. केंद्राच्या लोकांनी तुमची मुलाखत घेतली होती, त्याची. मी डेकचं हेड स्पिरिटने पुसलं आणि लावली. इतक्या वर्षांनी तुमचा आवाज, पण सगळं हिब्रूत, एक अक्षर कळत नाही. अंबरनाथ तेवढं कळलं. ती थांबवून थांबवून सांगत होती. "बाबा म्हणतायत, हा डबा मी केला. अंबरनाथला, आमच्या किचनच्या टेबलावर. बायको ओरडायची, पिठात पत्रा पडतो म्हणून." केंद्राच्या त्या बाई हसल्याचा आवाज. मग त्यांनी काहीतरी विचारलं. तुमची मुलगी जरा अडखळली.

"सांग की."

"एकट्याने केलात का, असं विचारलंय."

"मग?"

"म्हणतायत, तारा सोलून द्यायला एक पोरगा होता."

टेबल तेव्हा कल्याणला होतं, काका. तुमच्या किचनमध्ये दुसरं बिऱ्हाड राहत होतं. खोटं बोलायचं तर निदान टेबल तरी नीट सांगायचंत. टेबल कल्याणला होतं, मी एवढंच म्हणालो, आणि तुमची मुलगी रडायला लागली. "दादा, तिकडे बाबांना कुणी विचारत नव्हतं हो. कारखान्यात झाडू दिला होता हातात. आम्ही खरे ज्यू आहोत का, हे पण विचारायचे. त्या डब्यामुळे पहिल्यांदा कुणीतरी त्यांना इंजिनियर म्हणालं." मला ते कळलं. मला झाडूही कळतो आणि तो हातात देणारेही कळतात. आमच्या घराला ते कुणी वेगळं शिकवायला नको. म्हणून तर जास्त लागलं. एक पत्र टाकायचंत, की लेका, इथे मी तुझं काम माझं म्हणून सांगितलंय, मला गरज होती. मी उलट टपाली लिहिलं असतं, सांगा. मी दिलं असतं. तुम्ही मागितलं नाहीत, घेतलंत. आणि माझं नाव घासणारी कानस तुमच्याच हातात होती.

ती माझा नग घ्यायला आली होती. कुठल्याशा संस्थेला त्या केंद्राच्या आठवणी मांडून ठेवायच्या आहेत, मूळ डबा सापडत नाही, आणि तिला काकूंकडून कळलं होतं की जोडीचा इथे आहे. सोबत माझ्या सहीच्या दोन ओळी हव्या होत्या, की हा तिच्या वडिलांनी केला आणि मी सांभाळला. मी म्हटलं, डोकं त्यांचं, हात माझे, असं लिहा, डबा आत्ता उतरवून देतो, फुकट. ती म्हणाली, "दादा, पाटी छापून झालीय." मी तिला माळ्यावरून डबा काढून दाखवला, पिना लावून चालवूनही दाखवला, आणि परत वर ठेवला. तिने पाया पडायला हात पुढे केला, तो मी धरला.

हे पत्र कुठे टाकणार. पत्ता आहे तो तिचा, आणि तिने हे वाचावं असं मला वाटत नाही.

संध्याकाळी बायकोने विचारलं, केवढ्याला मागत होती? मी म्हटलं, पाच हजार. ती म्हणाली, "बरं केलंत नाही म्हणालात ते. एवढ्यासाठी कोण सही देतं." आमच्या मुलीचं लग्न दिवाळीनंतर आहे. त्या नगाचे आणि त्या दोन ओळींचे म्हणून तुमच्या मुलीने माझ्या काउंटरवर ठेवलेले, आणि मी तिच्या पर्समध्ये परत कोंबलेले, साठ हजार होते.