बोटाची टोपी

सोमवार, ४ मार्च

जमलं नाही. आजही जमलं नाही! मास्क नाकावर ठेवला, मागून पट्टे आवळले, मशीनने हवा सोडली — आणि मी ओरडलो. चक्क ओरडलो. बावीस वर्षं बस चालवणारा माणूस, उतारावर ब्रेक गेला तेव्हा ज्याचा हात थरथरला नाही, तो रबराच्या नळीला भिऊन पलंगाखाली! बाबा दारात येऊन उभे. "काय झालं रे?" म्हटलं, पायात गोळा आला. कसला गोळा नि कसला पाय. डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांना दिसलंच असणार.

डेपोच्या डॉक्टरांचं म्हणणं साफ आहे. झोपेत तुमचा श्वास थांबतो, एकदा नाही, तासाला तीस-तीसदा. म्हणून दिवसा डुलक्या. तीन आठवडे मशीन लावून झोपा, त्याचं कार्ड आणा, आणि सोबत बोटाच्या ऑक्सिमीटरची नोंद. दोन्ही ठीक असेल तर स्टिअरिंग परत. तोवर खिडकी, आणि नाही जमलं तर कायमची खिडकी.

खिडकी म्हणजे किल्ल्यांची. आत बसायचं आणि दुसऱ्यांना गाड्यांच्या किल्ल्या द्यायच्या. माझ्या गाडीचीसुद्धा.

मंगळवार, ५ मार्च

"काय डुलकीशेठ, झाली का झोप?" — सकाळपासून चौघांनी विचारलं. हसलो. न हसून सांगतो कुणाला! गेल्या महिन्यात सिग्नलला डोळा लागला, गाडी आपोआप पुढे गेली, कठड्याला घासली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण मागून एक बाई किंचाळल्या, "अहो, हा झोपलाय!" ते कानातून जात नाही.

गुरुवार, ७ मार्च

वर्कशॉपमधला पाना आज घरी आला. खरं नाव कुणालाच आठवत नाही, खिशात कायम पाना असतो म्हणून पाना. तोही गेली चार वर्षं असलंच मशीन लावून झोपतो आणि जगभर सांगत सुटतो. लाज नावाची वस्तू त्याच्याकडे नाही. हेवा वाटतो मला त्याचा.

पोरीच्या जुन्या लॅपटॉपवर त्याने एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. मशीनचं कार्ड आत सरकवायचं, की रात्रीचा एकेक श्वास पडद्यावर. श्वास थांबला की खूण. मास्कमधून हवा गळली की खूण. त्याखाली ऑक्सिमीटरचं जोडायचं. मनगटाला पट्टा, त्याला वायर, वायरीच्या टोकाला बोटावर चढवायची मऊ टोपी. ती रात्रभर रक्तातला ऑक्सिजन आणि नाडी टिपते. "वर श्वास अडला, की खाली ऑक्सिजन पडला पाहिजे," पाना म्हणाला. "वरचं आणि खालचं एकाखाली एक बसलं पाहिजे. मग सगळं कळतं."

माझं कार्ड लावलं. सोमवारची रात्र — नऊ मिनिटं. पान्याने विचारलं, "हे काय, चहा पिताना लावला होतास?"

शुक्रवार, ८ मार्च

आज जे केलं ते लिहायलाही हात धजत नाही.

बाबांना विचारलं. स्वयंपाकघरात ते शेंगा सोलत बसले होते. मी म्हटलं, बाबा, तुम्ही लावाल का मास्क? माझ्या जागी? मशीनला काय कळतंय नाक कुणाचं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. दोन-तीन शेंगा सोलल्या. मग म्हणाले, "बरं."

आयुष्यभर वजनकाट्यावर नोकरी केली त्या माणसाने. ट्रकवाल्यांनी काय काय देऊ केलं असेल, एक किलो इकडचा तिकडे केला नाही. आणि मी त्यांना सांगतो — माझं खोटं वजन तुमच्या तोंडाने भरा! ते रागावले असते तर बरं झालं असतं.

शनिवार, ९ मार्च

बाबा साखरझोप झोपले! मास्क लावून, टोपी लावून. सॉफ्टवेअरमध्ये बघितलं — श्वास एका लयीत, एकही खूण नाही. ऑक्सिजन शहाण्णव-सत्त्याण्णव, नाडी साठाच्या आसपास. वरचं खालचं चपखल. वयाची त्र्याहत्तर वर्षं आणि फुप्फुसं नव्या गाडीची!

मला आनंद झाला, हीच मोठी शरम.

सोमवार, ११ मार्च

काहीतरी बिघडलंय. दोन रात्री झाल्या, वरती बाबांचा श्वास अगदी पहिल्या रात्रीसारखा, पण खाली ऑक्सिजन करवतीच्या दात्यांसारखा. ब्याण्णव, ऐंशी, ब्याण्णव, अठ्ठ्याहत्तर. नाडी उड्या मारतेय.

पान्याला फोन केला. तो छातीठोकपणे म्हणाला, "घड्याळ! बॅटरी उतरली की त्या पट्ट्याचं घड्याळ पळतं. पुढेमागे सरकवून बघ, बसेल." संध्याकाळभर सरकवत बसलो. पाच मिनिटं मागे, दहा पुढे, तासभर पुढे. बसत नाही. ज्या श्वासात कुठे खाचच नाही, त्याच्याखाली खाच बसवायची कुठे?

शिवाय बाबा मास्क लावतात फार उशिरा. तास भरायला नकोत? म्हटलं, "इतका वेळ करता काय?" म्हणाले, "वाचतो जरा."

मंगळवार, १२ मार्च

पुन्हा तेच. आज तर चौऱ्याहत्तर.

म्हणजे घड्याळ नाही. म्हणजे बाबा. श्वास घेतायत, पण रक्तात पोचत नाहीये. हृदय असेल, फुप्फुस असेल, मला काय कळतंय. पण मी पहिला विचार कसला केला? बाबांचा? नाही. डॉक्टर हे बघतील आणि माझी सही अडकेल, हा!

सॉफ्टवेअरने विचारलं, ही नोंद नक्की काढून टाकायची? मी म्हटलं, हो. तिन्ही रात्री पुसल्या. बापाचा जीव खालीवर होत होता त्या रात्री, आणि मी त्या फळा पुसल्यासारख्या पुसल्या. चुलीत जावो असली नोकरी — असं म्हणायला जीभ रेटत नाही, कारण मला ती हवी आहे.

बुधवार, १३ मार्च

जेवताना बाबांनी विचारलं, "बोटाचं दाखवलंस का डॉक्टरांना?" मी घास गिळत म्हटलं, "हो. उत्तम आहे म्हणाले." बाबा माझ्याकडे बघत राहिले. "नीट बघितलं त्यांनी?" "हो, बाबा!" जरा चढ्या आवाजातच म्हटलं.

बिचाऱ्यांना आतून कळत असणार काहीतरी.

शनिवार, १६ मार्च

हिला कळलं. मशीन पुसायला म्हणून उचललं, तर ते बाबांच्या उशाशी. ही पोरीच्या खोलीत झोपते, माझ्या घोरण्यामुळे, गेली दोन वर्षं. रात्रीचं तेवढं सोडून घरातली प्रत्येक गोष्ट हिला माहीत असते.

ओरडली असती तर मीही ओरडलो असतो. पण ही शांतपणे म्हणाली, "मामंजींच्या तोंडाला ते बांधायचं आणि तुम्ही गाडी चालवायची. आणि त्या गाडीत आपली पोरगी कॉलेजला जायची. पहिल्या सीटवर बसते ती. का? तर बाप चालवतोय म्हणून."

मी मशीन उचलून पुन्हा बाबांच्या उशाशी ठेवलं. ऑक्सिजनचं तर हिला सांगितलंच नाही.

बुधवार, २० मार्च

रोज बघतो. रोज पुसतो. आज एकाहत्तर.

बाबा दिवसा ठणठणीत दिसतात. बाजारातून पिशवी भरून आणतात, जिना चढून येतात, दम नाही की धाप नाही. उलट मीच खिडकीवर पेंगतो. आज किल्ली देता देता डोळा लागला, समोरच्याने टिचकी वाजवली. मधलं बोटही दुखतंय दोन-चार दिवस, जुडग्यांचा भार असेल.

म्हणजे बघा — बाप रात्री मरतोय आणि मी बोटाची तक्रार लिहितोय.

शुक्रवार, २९ मार्च

डॉक्टर खूश. मशीनचं कार्ड बघून म्हणाले, "शाब्बास! असा पेशंट पाहिजे." बोटाची एकच रात्र दाखवली, ती पहिली, बाबांची चांगली. "बाकीच्या?" "टोपी बिघडली होती, साहेब." त्यांनी मान हलवली. सही केली.

साहेब म्हणतात शाब्बास आणि मला धरणी दुभंगेल तर बरं असं होतं. बाहेर पान्याने पाठीवर थाप मारली. "बघ, म्हटलं होतं ना? जमतं!" मी त्याला चहा पाजला.

घरी बाबांनी पुन्हा विचारलं, बोटाचं बघितलं का. पुन्हा म्हटलं, उत्तम. ते गॅलरीत जाऊन बसले. जेवायला दोनदा हाक मारावी लागली.

मंगळवार, २ एप्रिल

कालपासून गाडीवर. आज सकाळी मोठ्या चौकात सिग्नल. पोरगी पहिल्या सीटवर, कानात गाणी. मी लाल दिव्याकडे बघत होतो.

मग खांद्यावर तिचा हात. "पप्पा, हिरवा होऊन किती वेळ झाला. कुठे हरवलात?"

मागचे हॉर्न मला ऐकूच आले नव्हते. तिला वाटलं विचारात होतो. हसली. मी पण हसलो. गिअर पडेना. पुढच्या थांब्यावर गाडी उभी केली, पोटात कळ आली म्हणून डेपोत कळवलं आणि बदली माणूस मागवला. लोक बडबड करत उतरले. करू देत. त्यांचं नशीब थोर की नुसतं उतरावं लागलं.

बुधवार, ३ एप्रिल

ठरलं. उद्या सगळं सांगायचं. मास्क मी लावला नाही हे, आणि बाबांच्या नोंदी पुसल्या हे. सही झाली तरी बाबा मास्क-टोपी लावतातच; कालची नोंद तेवढी शिल्लक आहे, ती दाखवायची. नोकरी जाईल, जाऊ दे. माझ्या नोकरीपायी बाबांचं काही झालं, तर तोंड कुणाला दाखवू?

हिला सांगितलं, ऑक्सिजनचंसुद्धा. ही खुर्चीवर बसली. "इतके दिवस!" एवढंच म्हणाली. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर सोसल्या असत्या.

बाबांना म्हटलं, उद्या माझ्याबरोबर डॉक्टरांकडे यायचंय. बोटाच्या नोंदीसाठी. त्यांचा चेहरा एकदम उजळला! "बघितलं शेवटी त्यांनी? बरं झालं बाबा. फार बरं झालं." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. स्वतःच्या आजाराची बातमी ऐकून इतका आनंद होतो का कुणाला?

गुरुवार, ४ एप्रिल

डॉक्टरांना सगळं सांगितलं, खाली मान घालून. त्यांनी लॅपटॉप बघितला, मग उठून बाबांच्या बोटाला चिमटा लावला. सत्त्याण्णव. छाती तपासली. पुन्हा पडद्याकडे बघितलं. "हा श्वास यांचा आहे. पण हे बोट यांचं नाही."

"नाहीच," बाबा म्हणाले. "बोट याचं. पहिली रात्र सोडली तर सगळ्या रात्री याचंच. हा घोरायला लागला की टोपी याच्या बोटावर चढवायचो, मग जाऊन मास्क लावायचो. पहाटे काढून घ्यायचो. म्हटलं तोंड खोटं, निदान बोट तरी खरं असू दे. डॉक्टर बघतील, याला धरतील." मग माझ्याकडे वळले. "पण तू रोज उत्तम म्हणायचास. मला वाटलं, मीच म्हातारा उगाच भितोय."

एकाहत्तर. माझा. बाबांचं मरण समजून मी इतके दिवस माझंच पुसत होतो, आणि तेही सहीसाठी!

सही रद्द. उद्यापासून खिडकी, पुढचं पुढे. आता मास्क मांडीवर आहे. बाबा खुर्ची ओढून पलंगाशी बसलेत. म्हणतात, "लाव. मी बोट धरून बसतो."