करमणूक चार, गाभा पाच

प्रिय एव्हाल्ड,

‘कप्तान’ या चित्राचा मला खरा खर्च किती आला, ते काल पुन्हा मनाशी मांडून बघितलं. कोपनहेगनच्या कंपनीचं भाडं, ते ठरलेलंच. गर्दीत मोडलेल्या दोन खुर्च्या. बेकरीवालीचा हरवलेला एक हातमोजा, ज्याची तिनं अख्ख्या जोडीची किंमत माझ्याकडून वसूल केली. आणि कोळसा. त्या दोन आठवड्यांत थिएटरच्या भट्टीनं एरवीच्या महिन्याभराचा कोळसा खाल्ला. थंडी फार होती, असं म्हणून मी तो विषय तेव्हा सोडून दिला होता. बस, इतकंच. बाकी जे तू त्या चित्राच्या नावावर मांडून बसला आहेस, ते माझ्या हिशेबात नाही.

तुझ्या बहिणीचं पत्र आलं. लिहिते, तू दोन चमचे लापशी घेतोस आणि वाडगा सारतोस. पेपर दिला की भिंतीकडे तोंड करतोस. डॉक्टर म्हणतो, शरीरात काही बिघाड नाही, माणसालाच जगायचं नाही, आणि असंच चाललं तर वसंत ऋतू दिसायचा नाही. वर ती मलाच विचारते, ‘थ्यूगे, तुमचं ऐकेल का तो?’ मी काय सांगू? चाळीस वर्षांत तू माझं एकदाही ऐकलेलं नाहीस.

आठवतं का, हेरिंग मासळीच्या गोदामात शिडाचं कापड टांगून मी पहिलं चित्र दाखवलं तेव्हा? लोक माशांच्या खोक्यांवर बसले होते. तू नवा मास्तर, कडक कॉलरचा. खेळ संपल्यावर माझ्याजवळ आलास नि म्हणालास, “करमणूक झाली, पण यातून घ्यायचं काय?” मी म्हटलं, “मास्तर, आधी नाकातला हेरिंगचा वास घ्या, मग बघू.” तिथून आपलं भांडण सुरू झालं ते आजतागायत. तू पेपरात दर शनिवारी दोन गुण द्यायला लागलास, पाचपैकी करमणुकीला आणि पाचपैकी गाभ्याला. माझी रीत निराळी. मी दाराबाहेर उभा राहतो. आपल्या किनाऱ्यावर ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत प्रत्येक माणूस खोकतो. खोकला थांबला की समजायचं, करमणूक झाली. आणि गाभा कळतो तो कोट चढवताना. एक हात बाहीत नि एक बाहेर असताना माणूस जे बोलतो, तेच तो घरी नेतो. मी तुला कित्येकदा छातीठोकपणे सांगितलंय की माझ्या थिएटरात आलेला माणूस कशासाठी आलाय ते या दोन कानांपासून लपत नाही. तू हसायचास, पण लिहिण्याआधी विचारायला माझ्याकडेच यायचास.

‘कप्तान’च्या वेळीही आलास. वादळ, फुटलेलं जहाज, कमरेला दोर बांधून समुद्रात उडी घेणारा म्हातारा कप्तान. पहिल्याच रात्री खोकला असा थांबला की मला वाटलं सगळे मेले की काय. मधेच तो आचाऱ्याचा प्रसंग, तिथे तर छप्पर उडायचं. तेव्हा मी तुला म्हटलं, “आमचा आस्गेर रोज येऊन बसतो रे. एक खेळ चुकवत नाही. आणि गंमत म्हणजे आचाऱ्याच्या प्रसंगालाही हसत नाही.” माझ्या पोराचं हसणं तुला ठाऊक होतं. आईसारखं, शेवटी उचकी लागल्यासारखं. शंभर माणसांत मी ते ओळखलं असतं. ते येत नव्हतं. मी म्हटलं, पोरगं चित्र नुसतं पितंय. खेळ सुटला की बोळाच्या तोंडाशी उभा असायचा, गाल लाल, डोळे चमकताहेत, कोपराला काळं लागलेलं. बचाव-होडीवर नाव नोंदवून त्याला वर्षही झालं नव्हतं. तू शनिवारी लिहिलंस, करमणूक चार, गाभा पाच. आणि खाली, ‘आपल्या बंदरातला एक तरुण बचाववाला हे चित्र रोज पाहतो. अशी चित्रं माणसं घडवतात.’ ते कात्रण माझ्या बायकोनं, मेटानं, तिकीटखिडकीच्या काचेला चिकटवलं. गाभ्याला पाच गुण तू त्याआधी कुणालाच दिले नव्हतेस.

नोव्हेंबरात काय झालं ते तुला मी काय सांगणार. तूही आमच्याबरोबर वाळूवर उभा होतास. होडीनं मच्छीमार जहाजावरची तीन माणसं आणली आणि आपला एक ठेवून आली. दोर आला, टोकाला कुणी नव्हतं. अंत्यविधीनंतरच्या कॉफीला बेकरीवाली तुझ्यासमोर केकची थाळी धरून म्हणाली, “घ्या ना मास्तर. पाचापैकी किती देता याला?” तिला तेव्हाच बाहेर काढायला हवं होतं. मी माझ्या बुटांकडे बघत बसलो. आठवड्यानं तू सामान बांधून बहिणीकडे ऑर्हूसला गेलास.

होडीचा नायक क्रेस्टन तुला दोनदा सांगून गेला की दोर बांधून उतरायची पाळी ठरलेली असते, त्या दिवशी आस्गेरची होती, पाळी माझी असती तर मी उतरलो असतो. पण तू ऐकशील तर ना! तू म्हणालास, “पाळी असली तरी माणूस ‘नाही’ म्हणू शकतो. त्याला ‘नाही’ म्हणता येऊ नये एवढं मी त्याच्या डोक्यात भरलं.” खरं सांगू का, रात्री मेटाकडे पाठ करून पडल्यावर मीही तेच म्हणत होतो. ते चित्र मीच आणलं होतं.

इथलं चाललंय ते असं. बर्फ अजून धक्क्यावर आहे. मेटा खिडकीवर बसते, सुट्टे पैसे बरोबर देते, पण वर बघत नाही. तुझं कात्रण तिनं काढलेलं नाही आणि मीही काढ म्हटलं नाही. तुझ्या जागी पेपरात एक पोरगेलासा माणूस लिहितो. तो प्रत्येक चित्राला तीन देतो, म्हणजे भांडायचीही सोय राहिली नाही.

मंगळवारी मी भट्टीतली राख काढत होतो. मागच्या दारात बिर्गिट उभी. जाळी विणणाऱ्या मॅड्सची मुलगी. मॅड्स तुला माहीत आहे, प्रार्थनाघरातला पहिल्या बाकावरचा माणूस, माझ्या थिएटराला सैतानाची बैठक म्हणतो, समोरून जाताना रस्ता ओलांडतो. त्याची मुलगी माझ्या दारात! म्हटलं, “ये ना आत, सैतान जेवायला गेलाय.” ती हसली नाही. आत आली, पण इकडेतिकडे बघितलं नाही, सरळ जाऊन कोळशाच्या ढिगाशेजारच्या उलट्या खोक्यावर बसली. ते खोकं तिथे आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. मग म्हणाली, “थ्यूगेकाका, त्या चित्रात शेवटी कप्तान परत येतो का हो?” मी फावडं खाली ठेवलं. गावात कुत्र्याला विचारलं तरी त्या चित्राचा शेवट सांगेल. मी म्हटलं, “तू नाही बघितलंस?” ती म्हणाली, “आम्हाला इथे नुसता आवाज यायचा. शेवटची वाद्यं वाजायला लागली की आस्गेर म्हणायचा, चल ऊठ, आता लोक बाहेर पडतील, कुणी तुला बघितलं तर तुझा बाप मला उलटा टांगेल. मग मी मागून जायची नि तो बोळातून पुढे.” आणि म्हणाली, “त्याला मी एकदा विचारलं, चित्र कशाबद्दल आहे. म्हणाला, काय की, कुठल्यातरी जहाजाबद्दल.”

मी तिला सांगितलं, परत येतो. ती “बरं” म्हणाली आणि दोन्ही हात भट्टीकडे धरून बसली. मी भट्टीत दोन फावडी जास्त घातली, तिला ऊब असावी म्हणून, आणि मग माझ्या लक्षात आलं की तो महिन्याभराचा कोळसा कुठे गेला होता.

तिनं हे घरी सांगितलेलं नाही, तूही कुणाला सांगू नकोस. फक्त तुला कळावं म्हणून मी तिची परवानगी घेऊन लिहितोय, कारण तुझ्या डोक्यात जे बसलंय ते काढायला माझ्याकडे दुसरं काही नाही. तुझा गाभा त्याच्यापर्यंत पोचलाच नाही, एव्हाल्ड. आचाऱ्याच्या प्रसंगाला तो हसत नव्हता, कारण तो आत नव्हताच. मी दाराबाहेर उभा राहून त्याचं गप्प बसणं ऐकत होतो. आता लापशी संपव. निघताना मी बिर्गिटला विचारलं की इतकी चित्रं येतात जातात, मग रोज हेच का. ती म्हणाली, “ते सगळ्यांत लांब होतं ना काका. पावणेतीन तास.”

तुझाच,
थ्यूगे